चुकलेलं नाणं, घडवलेली चूक

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



बोलायला सुरुवात करण्यापूर्वी एक विनंती. खिशात, पर्समध्ये किंवा देवघरातल्या डबीत एखादं नाणं असेल तर ते हातात घेऊन बसा. मी आज जे सांगणार आहे ते डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे आणि रेडिओवर मला ते दाखवता येत नाही. तेव्हा तुमच्या हातातलं नाणं हेच माझं चित्र.

आमच्या वाड्यात एक काका राहायचे. एसटीत कंडक्टर म्हणून त्यांची सगळी नोकरी झालेली. हजारो नाणी हातातून गेल्यामुळे त्यांची नजर पक्की होती. काही वेगळं नाणं दिसलं की पदरचे पैसे भरून ते ठेवून घ्यायचे. २०१२ सालची गोष्ट. एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अरे, तुला नाण्यांतलं कळतं ना? बघ बरं हे." त्यांच्या तळहातावर पाच रुपयांचं जुनं, जाड नाणं होतं. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह. उलटवलं तर दुसऱ्या बाजूलाही सिंहच. छापा आणि काटा नव्हे, छापा आणि छापा! एका फिरत्या विक्रेत्याकडून त्यांनी ते चार हजार रुपयांना घेतलं होतं.

मी भिंग काढलं. जोड असेल तर कडेवर दिसेल, म्हणून नाण्याची कड फिरवून फिरवून पाहिली. पाचाच्या त्या नाण्याच्या कडेवर मधोमध एक खाच असते. ती अखंड होती. मनातून मलाही ते खरंच असावं असं वाटत होतं. मी म्हणालो, "वा काका, नशीबवान आहात."

माझ्या त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून काकांनी त्याच माणसाकडून आणखी दोन नाणी घेतली. नऊ हजारांना. निवृत्त माणसाचे एकूण तेरा हजार रुपये. तिन्ही नाणी बनावट होती. ती कशी, हे शेवटी सांगतो. पण माझं कुठे चुकलं हे समजून घेण्यासाठी मला टांकसाळ मुळापासून शिकावी लागली. तेच आज तुमच्यासमोर ठेवतो.

आधी चूक कशाला म्हणायचं नाही ते पाहू. १९११ साली पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया निघाला. राजाच्या झग्यावर एक छोटा हत्ती कोरलेला होता, पण त्याची सोंड अशी आखूड उमटली की लोकांना तो डुकरासारखा दिसला. ओरड झाली, नाणी परत घेतली गेली आणि १९१२च्या रुपयावर हत्ती नीट काढण्यात आला. संग्राहक आजही त्याला 'डुक्कर रुपया' म्हणतात. पण ही टांकसाळीची चूक नव्हे. चित्रच तसं काढलेलं होतं, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर ते तसंच उमटलं. दहा रुपयांच्या नाण्याचंही असंच. एकावर एक नक्षी, दुसऱ्यावर दुसरी, म्हणून दुकानदार ती नाकारू लागले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, की दहाचं नाणं तोपर्यंत १४ वेगवेगळ्या नक्षींत काढलेलं आहे आणि ती सगळी वैध आहेत. सालाखालची खूण वेगळी असणं हीसुद्धा चूक नाही. चौकटच्या पत्त्यासारखी खूण म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. आपल्या देशातल्या चार टांकसाळींच्या या ओळखखुणा आहेत.

आता नाणं जन्माला कसं येतं ते पाहू. मुंबईत फोर्टमध्ये, रिझर्व्ह बँकेसमोर १८२९ सालापासूनची टांकसाळ उभी आहे. यंत्रं बदलली, पण कामाची रीत मूळची तीच आहे. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापायच्या. त्या तापवून मऊ करायच्या, धुऊन स्वच्छ करायच्या आणि यंत्रात फिरवून त्यांचा काठ किंचित उचलून घ्यायचा. मग चकती दोन ठशांच्या मध्ये येते. एक ठसा वर, एक खाली, आणि भोवती एक पोलादी कडं. ठसे प्रचंड दाबानं एकमेकांकडे येतात, धातू क्षणभर पिठासारखा वाहतो, ठशातल्या प्रत्येक खोलगट जागेत शिरतो आणि कड्याला टेकून थांबतो. झालं नाणं. मिनिटाला अशी शेकडो.

या वाटेवर चूक तीनच ठिकाणी होऊ शकते : चकतीत, ठशात किंवा ठोक्यात. श्रोतेहो, आजच्या भाषणातली लक्षात ठेवण्याची गोष्ट हीच. खऱ्या चुकीला कारण असतं, आणि ते या तीन ठिकाणांपैकी एका ठिकाणी सापडतं. नंतर कानशीनं, कटरनं किंवा हातोडीनं केलेल्या 'चुकी'ला असं कारण सांगता येत नाही. म्हणून विचित्र नाणं दिसलं की "याची किंमत किती?" हा प्रश्न नंतर. पहिला प्रश्न, "हे यंत्रात कसं झालं असेल?"

चकतीपासून सुरुवात करू. पट्टी नीट पुढे सरकली नाही, तर आधी पडलेल्या भोकाचा काही भाग पुढच्या चकतीत येतो. करंजी कातताना कातण आधीच्या कापावर गेलं तर जशी करंजी तुटकी निघते, तसंच. अशा चकतीचं नाणं एका बाजूनं चंद्रकोरीसारखं खाल्लेलं दिसतं. आता हे घरी करणं किती सोपं! चांगलं नाणं घ्या, कटर लावा, कोर तयार. मग ओळखायचं कसं?

तुमच्या हातातल्या नाण्याचा उचललेला काठ पाहा. खऱ्या नाण्यात हा काठ तुटलेल्या जागेपाशी अचानक संपत नाही, हळूहळू बारीक होत जातो. आणि खरी मेख पुढे आहे. तुटलेल्या जागेच्या अगदी समोर, नाण्याच्या पलीकडच्या बाजूलाही काठ कमजोर किंवा नाहीसा झालेला असतो. कारण काठ उचलणारं यंत्र चकतीला दोन्हीकडून दाबत फिरवतं. एका बाजूला धातूच नाही, तर समोरच्या बाजूला दाब कसा बसणार? ही खूण प्रत्येक वेळी ठळक नसते, पण असली तर बाजू भक्कम होते. कटरवाल्याच्या नाण्यात समोरचा काठ धडधाकट असतो, आणि कापलेल्या जागेवर भिंगातून हत्याराचे चरे दिसतात.

दुसरी गंमत चुकीच्या चकतीची. पन्नास पैशांसाठी कापलेली चकती एक रुपयाच्या ठशाखाली गेली, असं होऊ शकतं. स्टीलचा जुना रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा आणि ४.८५ ग्रॅम वजनाचा होता. स्टीलचे जुने गोल पन्नास पैसे २२ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅमचे होते. तेव्हा लोक म्हणतात, वजन करा म्हणजे कळेल. इथे सावध राहा. रुपयाच कानशीनं घासून २२ मिलिमीटरचा केला तर त्याचं वजन किती भरेल? गणित केलं तर साधारण पावणेचार ग्रॅम. म्हणजे जवळपास तेवढंच! एका कसोटीवर विसंबून चालत नाही ते असं. मग पाहायचं काय? छोट्या चकतीवर ठोका पडतो तेव्हा धातूला बाहेर पसरायला जागा असते, त्यामुळे कडेजवळची अक्षरं बाहेर ओढल्यासारखी होतात आणि नाण्याची कड गुळगुळीत, किंचित गोलसर राहते. घासलेल्या रुपयात अक्षरं सुरीनं कापल्यासारखी मध्येच तुटतात आणि कडेवर कानशीच्या रेषा असतात.

धातूच्या बाबतीत अमेरिकेतलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची गरज होती म्हणून १९४३ साली तिथे एक सेंटचं नाणं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं काढलं. आधीच्या वर्षाच्या काही मोजक्या तांब्याच्या चकत्या यंत्रात राहून गेल्या आणि त्यांच्यावर १९४३ साल उमटलं. ही नाणी अतिशय मौल्यवान ठरली. मग काय, लोकांनी पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवला. काहींनी तर १९४८च्या तांब्याच्या सेंटवरचा आठ अर्धा खरवडून त्याचा तीन केला! पहिली लबाडी साध्या लोहचुंबकानं पकडली जाते, कारण पोलाद चिकटतं आणि तांबं चिकटत नाही. दुसरीला भिंग लागतं. आपल्याकडेही स्टीलच्या रुपयाला पिवळा मुलामा देऊन 'वेगळ्या धातूचं नाणं' म्हणून विकणारे असतात. आपला स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो, हे ध्यानात ठेवा.

आता ठशाकडे वळू. ठसा म्हणजे नाण्याचा उलटा साचा. नाण्यावर जे उंच, ते ठशात खोल. लाखो ठोके खाऊन ठसा तडकतो. तडा म्हणजे खोल भेग, तिच्यात धातू शिरतो. म्हणून नाण्यावर तड्याची रेघ उंच, उठावदार उमटते. माणसानं नंतर ओढलेला ओरखडा मात्र नेहमी खोल असतो. ठशाची रेघ वर, माणसाची रेघ आत. हे एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी फसवणूक टळते.

साल नसलेलं, अक्षर नसलेलं नाणंही 'दुर्मीळ' म्हणून विकलं जातं. ठशातल्या खाचेत वंगण आणि धूळ साचली तर अक्षर पुसट उमटतं किंवा उमटतच नाही. पण तिथलं पृष्ठभागाचं तेज आजूबाजूसारखंच असतं, आणि शेजारची अक्षरंही बऱ्याचदा थोडी मऊ झालेली दिसतात. खरवडलेल्या जागी बारीक खड्डा असतो आणि चमक वेगळी पडते. नाणं दिव्याखाली हळूहळू तिरपं फिरवलं की ती जागा लगेच डोळ्यांत भरते.

साल नसलेल्या नाण्यांचा एक सच्चा किस्सा ब्रिटनमधला आहे. २००८ साली तिथल्या वीस पेन्सच्या नाण्याची नक्षी बदलली आणि साल एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर, राणीच्या मुखवट्याकडे नेलं. पण काही नाणी काढताना राणीचा जुना ठसा आणि मागचा नवा ठसा अशी जोडी लागली. दोन्हींवर साल नाही! इथे काहीही खरवडलेलं नाही, दोन्ही बाजू आपापल्या परीनं निर्दोष आहेत. जोडी चुकली, एवढंच. कारण सांगता येतं, म्हणून नाणं खरं.

आणि एक तीन पायांचा रानरेडा. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या टांकसाळीत १९३७ साली पाच सेंटच्या नाण्याचा ठसा घासून साफ करताना त्यावरच्या रानरेड्याचा पुढचा एक पाय घासला गेला. नाणी बाहेर पडली, भाव चढला. मग लोकांनी साध्या नाण्यावरचा पाय घासायला सुरुवात केली. पण खऱ्या नाण्यात पाय गेला तरी खूर शिल्लक आहे, आणि पोटाखालून जमिनीकडे उंच ठिपक्यांची एक रेघ उतरते. ठसा घासताना झालेल्या त्या खुणा. नकली करणाऱ्यानं पाय काढला, पण ते ठिपके तो कुठून आणणार? घासून धातू काढता येतो, उंचवटा निर्माण करता येत नाही. खरी चूक कधी एकटी येत नाही. ती आपल्यासोबत बारीकसारीक साक्षीदार घेऊन येते.

तिसरं ठिकाण ठोक्याचं. चकती कड्यात नीट बसली नाही तर ठसा सरकून पडतो. अशा नाण्यावर एका बाजूला चंद्रकोरीएवढी कोरी जागा राहते आणि नाणं बहुधा पूर्ण गोल राहत नाही, कारण धातूला अडवायला कडं नसतं. कधी आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर ते नाणंच ठशाचं काम करतं. मग त्या बाजूला आरशातल्यासारखी उलटी, खोल आकृती उमटते. याची नक्कल करायची तर दोन नाणी व्हाइसमध्ये धरून आवळतात. पण तिथे मूळची आकृती आधीच असते. ती चेपून सपाट होते, आणि तिच्या अवशेषांवर उलटी अक्षरं उथळ उमटतात. खऱ्यात मात्र त्या बाजूला सुलटी आकृती कधी नव्हतीच, आणि दुसरी बाजू नेहमीसारखी ठसठशीत असते.

दहाच्या दुरंगी नाण्याचा मधला भाग ठोकून बाहेर काढतात आणि उलटा करून परत बसवतात. खऱ्या नाण्यात बाहेरचं कडं आणि आतला गाभा ठोक्याच्या दाबानं एकमेकांत घट्ट रुतलेले असतात. एकदा काढून बसवलं की सांध्याशी फट, चरे, ठोकल्याचे व्रण राहतातच.

आता काकांच्या नाण्याकडे येतो. एका प्रदर्शनात मी ते एका वयस्क व्यापाऱ्यांना दाखवलं. त्यांनी भिंग घेतलंच नाही. नाणं बोटाच्या टोकावर तोललं आणि पेन्सिलीनं हलकेच टकटक केलं. शेजारी पाचाचं दुसरं नाणं तसंच वाजवलं. ते खणखणलं. आमचं 'ठक्' करून गप्प बसलं. आपल्या भाषेत 'खणखणीत नाणं' उगीच म्हणत नाहीत. मग काट्यावर ठेवलं. या नाण्याचं वजन नऊ ग्रॅम असायला हवं, ते भरलं त्याहून कमी. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही कड पाहिलीत, काठ पाहिला नाहीत." उचललेल्या काठाच्या आतल्या अंगाला केसासारखी एक गोल रेघ होती. एक नाणं वाटीसारखं आतून कोरायचं, दुसरं घासून त्यात बसेल एवढी चकती करायची आणि आत दाबून बसवायची. बाहेरची कड पहिल्या नाण्याची असल्यामुळे अखंडच राहते. जादूगार वापरतात त्यातलंच हे नाणं. मी जिथे जोड नव्हता तिथे शोधला आणि सापडला नाही म्हणून निकाल दिला.

मी काकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. माझ्या शब्दावर गेलेले पैसे मी भरून देतो म्हणालो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैशाचं राहू दे. पण ती दोन नाणी मी पुढे विकणार होतो. गिऱ्हाईकही ठरलं होतं." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, पण मला समजलं. खोटं नाणं नकळत पुढे सरकवणारा आणि जाणूनबुजून सरकवणारा यांच्यात फक्त कळण्याचा फरक असतो. आता आम्हाला कळलं होतं. ती नाणी पुढे गेली नाहीत.

श्रोतेहो, हे सांगण्याचं कारण असं, की आता हा धंदा फोनवरून चालतो. "तुमच्याकडे २०१२ सालचं माता वैष्णोदेवीचं नाणं आहे का? लाखो रुपये मिळतील, आधी नोंदणीचे पैसे भरा." हे नाणं चलनात आलेलं स्मारक नाणं आहे. त्यात चूक नाही आणि चमत्कारही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर इशारा दिला, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या नावाखाली बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून शुल्क, कमिशन, कर मागितले जात आहेत. बँक असा कोणताही व्यवहार करत नाही आणि तसा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही. विकत घेणारा आधी तुमच्याकडेच पैसे मागत असेल, तर नाणं तपासण्याची गरजच नाही. माणूस तपासून झालेला आहे.

आणि तुमच्या घरात खरोखर वेगळं नाणं सापडलं तर? चिंच-मिठानं घासू नका. पृष्ठभागच तर त्याचा पुरावा असतो. त्याच सालचं, त्याच प्रकारचं चांगलं नाणं शेजारी ठेवा. सोनाराच्या काट्यावर दोन्हींचं वजन करा, चुंबक लावून बघा, वाजवून बघा, आणि भिंगातून आधी काठ, मग कड, मग पृष्ठभाग पाहा. मग स्वतःलाच विचारा : चकती, ठसा की ठोका? उत्तर मिळालं नाही, तर एकाच्या मतावर थांबू नका. दुसऱ्या जाणकाराला दाखवा. माझ्यासारख्या एकाच्या मतावर थांबल्याची किंमत काकांनी मोजली आहे.

काका आता नाहीत. जाण्यापूर्वी त्यांनी मला एक छोटी डबी दिली. तिच्यात त्यांच्या नोकरीच्या काळातलं पंचवीस पैशांचं नाणं आहे. ठसा सरकलेला, एका बाजूला कोरी कोर. पंचवीस पैसे २०११च्या जूनअखेर चलनातून गेले, तेव्हा दुकानात त्याचं काही येत नाही, आणि बाजारातही फार मोठी किंमत यायची नाही. मी ते तीन-चार जाणकारांना दाखवलं आहे, काट्यावर तोललं आहे, काठ पाहिला आहे आणि कडही. चूक अस्सल आहे.